बाळंतिणीची वाट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. एकदा सांगायला बसलो होतो — आणि मध्येच चहा मागितला, विषय बदलला. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

गोष्ट सायकलीवरून कामाला जाण्याची आहे. हसू आलं तर हसा. आम्हीही हसलो होतो, पोट धरून हसलो होतो, आणि माझं पाप त्या हसण्यातच आहे.

नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं. मी आखातात, अल ऐनला एका मेंटेनन्स कंपनीत एसी मेकॅनिक होतो. कॅम्प सनायात, म्हणजे गॅरेजं आणि गोदामांच्या वस्तीत. काम शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका होस्टेलच्या इमारतींमध्ये. कंपनीची बस बांधकामावरच्या माणसांसाठी. आम्हा मेंटेनन्सवाल्यांना सायकली दिलेल्या. जायला रस्ते दोन. बाहेरचा मेन रोड — सरळ, गुळगुळीत, वीस मिनिटांत पोचवणारा. पण वाटेत तीन राउंडअबाउट, आणि तिथे गाड्या अशा घुसायच्या की सायकलवाला त्यांच्या हिशेबातच नसायचा. दुसरा आतला, खजुरांच्या बागांमधून. दोन्ही बाजूंना मातीच्या बुटक्या भिंती, कडेने पाण्याचा पाट, गाडी एकही नाही. पण वळणावळणांचा. पाऊण तास जायचा. सुपरवायझरने सगळ्यांना बजावलं होतं, सायकलवाल्यांनी आतूनच जायचं. ऐकत कोण होतं? सकाळची पंचवीस मिनिटांची झोप कोण सोडेल?

मी आणि दत्तारामदादा सोडायचो.

दत्ताराम गावडे कणकवलीकडचे. प्लंबर. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, त्याच खोलीत माझ्या खालच्या बर्थवर झोपायचे. आणि आम्ही आतून जायचो ते त्यांच्यामुळे नाही. माझ्यामुळे. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा चहा मागेन.

आमच्या राजापूरकडच्या चढउतारात सायकल कुणाकडे होती? मी सव्वीस वर्षांचा घोडा, आणि सायकल शिकलो अल ऐनला, कॅम्पच्या मागच्या मैदानात, दादांनी सीट धरून पळवली तेव्हा. आठ दिवसांनी मेन रोडवर गेलो. पहिल्याच राउंडअबाउटला एक लँड क्रूझर कोपराला वारा लावून गेली. मी पडलो नाही. उतरलो, कडेच्या वाळूत बसलो — आणि माझी पँट ओली झाली होती. सव्वीसाव्या वर्षी. दादांनी पाहिलं. स्वतःच्या बाटलीतलं पाणी माझ्या मांडीवर ओतलं आणि साइटवर सगळ्यांना सांगितलं, "बाटली फुटली रे ह्याची." दुसऱ्या दिवसापासून मला घेऊन आतून जायला लागले.

इतकं ज्या माणसाने झाकलं, त्याचं मी काय केलं?

जानेवारीचे दिवस होते. वाळवंटात सकाळी चांगलीच थंडी असते, हे इथे कुणाला पटत नाही. दादांचा कान दुखायचा, म्हणून ते डोक्यावरून कानाला टॉवेल घट्ट बांधून, हनुवटीखाली गाठ मारून सायकल चालवायचे. त्याच महिन्यात खोलीत साताऱ्याकडचा संपत नवा आला. आडदांड, मोठ्या आवाजाचा, मनाने वाईट नाही. शुक्रवारी सुट्टी, आम्ही सहाही जण मटण-भात घेऊन जमिनीवर बसलो होतो. दादा हात धुवायला उठले तेव्हा संपत मला म्हणाला, "तुम्ही दोघं रोज बागेतून का जाता रे? कोण घाबरतंय एवढं? तू का?"

सगळ्यांचे हात ताटात थांबले. निदान मला तसं वाटलं. कदाचित कुणाचं लक्षही नसेल. मला फक्त वाळू दिसत होती, आणि माझी पँट.

मी म्हणालो, "मी कशाला घाबरू? दादांसाठी जावं लागतं. कानाला बांधलेलं बघितलंस ना? बाळंतिणीला मेन रोडवरून न्यायचं का? वारा बाधेल."

काय हशा उठला म्हणता! दादा दारातच उभे होते, हात ओले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका वाक्यात ते मला उघडं पाडू शकले असते. ते हसले, आणि ताटावर येऊन बसले.

मग काय, त्या रस्त्याचं नावच पडलं. बाळंतिणीची वाट. सकाळी कुणी विचारायचं, "दादा, शेगडी पेटवू का?" कुणी, "गावाहून डिंकाचे लाडू मागवू का?" संपत तर त्यांना सायकलीवर बसताना हात द्यायचा — "हळू, टाके ओले आहेत." मला कुणी काही म्हणत नव्हतं. मी सोबतीला जाणारा, सेवाभावी. आणि मी थांबवलं का? छे. कधी चेष्टा थंडावली तर मीच फुंकर घालायचो. का? कारण ती चालू होती तोवर माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. असा मी.

दादांनी टॉवेल बांधणं सोडलं. कान लाल व्हायचा, पाणी यायचं. तेही मी पाहिलं.

पंधराएक दिवसांनी एका सकाळी कॅम्पच्या फाटकातून बाहेर पडल्यावर त्यांनी हँडल मेन रोडकडे वळवलं. संपत आणि बाकीचे पुढे होते, टाळ्या वाजवत होते, "यल्ला दादा, चला, यल्ला!" दादा मला म्हणाले, "चल शशा, आज बाहेरून. किती दिवस ऐकून घ्यायचं?"

तेव्हा तरी म्हणायचं होतं ना — दादा, नको, आपण आतून जाऊ, मी सांगतो ह्यांना की भीती माझी आहे. एवढंच. मी वाकून मागचं चाक दाबून पाहिलं आणि म्हणालो, "हवा कमी वाटते. तुम्ही व्हा पुढे."

हवा कमी नव्हती. ते गेले, आणि मी बागेतून गेलो. एकटा. रोज काहीतरी निमित्त काढून सहा दिवस तसाच गेलो. सातव्या दिवशी साइटवर पोचलो तेव्हा संपत फाटकाशीच उभा होता, चेहरा पांढराफटक. दुसऱ्या राउंडअबाउटला एका पिकअपने दादांना उडवलं होतं. जीव वाचला. उजवा गुडघा गेला, कायमचा.

इथे थांबलो असतो तर निदान नुसता भित्रा ठरलो असतो. पण सुपरवायझरने दुपारी मला बोलावलं, रोजचा जोडीदार म्हणून. कागद पुढ्यात. "उसको अंदर का रास्ता बोला था ना? फिर मेन रोड पे क्यों गया?"

मी म्हणालो, "मालूम नहीं सर. उसको जल्दी थी."

त्याने ते लिहून घेतलं. सूचना असूनही घाईत मेन रोडने गेला — म्हणजे चूक त्याचीच. नुकसानभरपाई खलास. तो कागद हॉस्पिटलात दादांना वाचून दाखवला, माझ्या नावासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि सही केली. दीड महिन्यात ते गावी परत, कुबडीवर.

पुढच्या सुट्टीत मी त्यांच्या घरी गेलो. गेलो नसतो तर लोकांनी विचारलं असतं, म्हणून गेलो. वहिनींनी पोहे दिले. दादा पडवीत पाय लांब करून बसले होते. वहिनी सारख्या तेच विचारत होत्या, "भावोजी, तुम्ही बरोबर होतात म्हणून मला घोर नव्हता. आतून जातो म्हणून पत्रात लिहायचे. मग त्या दिवशी बाहेर कशाला गेले हे?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण त्याआधी दादा म्हणाले, "किती वेळा विचारशील? घाई झाली होती मला."

माझेच शब्द. माझ्याकडे न बघता बोलले. वहिनी म्हणाल्या, "घाईच नडली, नाही का हो भावोजी?"

मी हो म्हणालो. आणि पोहे संपवले.

दादा आजही आहेत. माझ्या घरापासून त्यांचं गाव एसटीने दीड तासावर आहे. त्यानंतर मी तिथे गेलेलो नाही, आणि हे सगळं तुम्हाला सांगितलं म्हणून उद्या जाईन असंही नाही.