धरण पास, तांडा नापास

हरसिंगच्या पोराचा, किसनचा फोन आला तेव्हा मी लोहाऱ्याला होतो, दुकानासाठी वायंडिंगची तार घ्यायला. "काका, बाबा गेले," एवढंच तो बोलला. मी विचारलं, "कुठं गेले?" शब्द तोंडातून निघताच मला कळलं. आणि कळूनही मी विचारलं, "डॉक्टरनं नीट पाह्यलं ना?" बोलून गेल्यावर माझी मलाच लाज वाटली. हा प्रश्न खरं तर माझा नव्हताच, हरसिंगचा होता. डॉक्टर, बँक, हवामानखातं, कापसाचा काटा, कोणी काहीही सांगितलं तरी तो आधी विचारायचा, नीट पाह्यलं ना? इतक्या वर्षांच्या सोबतीत त्याची ही खोड मला कधी लागली ते कळलंच नाही.

हरसिंग राठोड हा आमच्या घाटंजी तालुक्यातल्या एका तांड्यावरचा शेतकरी. त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुख फिरलेले. "रस्त्यावरच्या माणसानं भरोसा ठेवला तं बैलं जातेत," असं तो म्हणायचा आणि आपल्या संशयाला घराण्याची रीत ठरवून मोकळा व्हायचा. आमची ओळखही संशयातूनच झाली. माझं मोटर वायंडिंगचं दुकान तेव्हा नवं होतं. विहिरीवरची जळालेली मोटर घेऊन तो आला आणि दुकानासमोरच्या दगडावर ठाण मांडून बसला. संध्याकाळी ये म्हटलं तर म्हणाला, "नाही, मी अठीच बसतो. तांब्याच्या जागी दुसरी तार भरली तं मले कसं समजन?" मला राग आला. पण मोटर भरून होईस्तोवर तो हलला नाही, आणि जाताना म्हणाला, "माणूस बरा दिसतो. पाहू पुढं." हे 'पाहू पुढं' त्यानं अखेरपर्यंत सोडलं नाही. मात्र त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी तो माझ्या दुकानात चहाला येऊ लागला.

त्यांच्या तांड्याच्या वरच्या अंगाला नाल्यावर मातीचं धरण आहे. ते साठवणीचं नाही, पूर अडवण्यासाठी बांधलेलं आहे. पावसाळ्यात पोट रिकामं ठेवायचं, वरून लोंढा आला की पोटात घ्यायचा आणि हळूहळू खाली सोडायचा, एवढंच त्याचं काम. त्याहून जास्त झालेलं पाणी एका कडेच्या दगडी सांडव्यावरून आपसूक निघून जातं. धरणाच्या वर, पाण्याच्या काठाला, आम्हा कुणब्यांची वावरं. त्यात माझ्या थोरल्या भावाचंही वावर, कपाशीचं. खाली तांडा.

तीन-चार वर्षांमागं उन्हाळ्यात एक तरुण इंजिनिअर बाई धरणाची तपासणी करून तांड्यावर आल्या. देवळापुढं माणसं जमली. हरसिंगनं मलाही बोलावून घेतलं होतं, 'त्यांची भाषा समजाले'. बाईंनी सांगितलं की धरणाची स्थिती चांगली आहे, सुरक्षिततेचा शेरा समाधानकारक आहे, पण धोक्याचा वर्ग वाढवून सर्वांत वरचा केला आहे. हरसिंग उठला. "चांगलं हाय तं धोका कायचा?" बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, हे दोन वेगळे शेरे आहेत. पहिला धरण कसं आहे ते सांगतो. दुसरा, धरणाला काही झालंच तर खाली किती जीव जातील ते सांगतो. धरण बांधलं तेव्हा खाली नुसती वावरं होती. आता तुमची घरं आहेत." हरसिंगनं जमलेल्या सगळ्यांकडं पाहिलं. "म्हंजे धरण पास झालं," तो म्हणाला, "आन् आमी नापास." लोक हसले. तो मात्र हसला नव्हता.

त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच. धरण तेच, पाणी तेच, मग वर्ग कायले वाढला? उद्या म्हणतील धोका आहे, उठा. मी चार वेळा समजावलं. "तुले काय जाते," तो म्हणायचा, "तुह्यं घर घाटंजीले हाय." पुढं काही माणसं येऊन तांड्याच्या कडेला खुंट्या ठोकून गेली, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्या खुंट्या उपटून चुलीत घातल्या. त्या पूर आल्यावर वाजणाऱ्या भोंग्याच्या खांबासाठी होत्या हे नंतर कळलं, आणि भोंगा त्या पावसाळ्यात उभा राहिला नाही तो नाहीच. मी हे त्याच्या तोंडावर बोललो. तो म्हणाला, "मंग खुंटीवर लिहाले पायजे होतं ना."

त्याच पावसाळ्यात एका दुपारी तो बाजाराचा दिवस नसताना दुकानात आला. चहा नको म्हणाला. "वसंता, धरणात पाणी जास्त दिसून राह्यलं." मी म्हटलं, पाऊस झाला, दिसणारच. "पाऊस झाला तं सांडव्यावरून वाह्यलं पायजे. वाहून काहून नाही राह्यलं?" मी दुकानाचं शटर ओढलं. आम्ही मोटरसायकलवर निघालो. सांडव्यावर पाहिलं तर एक हिरवा बांध दिसला, तरोट्याचं तण उगवलेला, जणू कायमचाच तिथं असावा असा. मी परतायला वळलो. हरसिंगनं काठी खुपसली. मातीतून पांढरा धागा वर आला, मग खताचं पोतं. एक, दुसरं, तिसरं... मातीनं भरलेली पोती एका सरळ रेषेत रचून वर माती लिंपलेली होती. तपासणी उन्हाळ्यात झाली होती, पोती त्यानंतरची. शेरा समाधानकारकच राहिला होता आणि सांडवा बंद झाला होता.

हरसिंग खाली बसला. पोत्याचं तोंड बांधलेली तार त्यानं सोडवली आणि माझ्यापुढं धरली. जळकी, काळपट, वेटोळी पडलेली. मोटरच्या वायंडिंगमधून निघते ती. आमच्या भागात अशी तार माझ्याच दुकानातून निघते, आणि वावरात बांधाबांधी करायला ती माझा भाऊ घेऊन जातो. "तुले माहीत व्हतं?" त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. ते खरं होतं. त्यानं तार माझ्या हातात दिली. "तुह्याच दुकानात या काठावरल्याइच्या मोटारी येतेत. इतकं पाणी कोठून खेचून राह्यले, कधी इचारलं नाही तू?" परत येताना तो मोटरसायकलवर बसला नाही. पायी गेला.

मी तसाच दादाकडं गेलो. दादा लपवाछपवी करणारा नाही. "आमी काठावरल्या सगळ्याइनं मिळून टाकले पोते," तो म्हणाला. "बोंड धरतेवक्ती पाणी नाही भेटलं तं कपाशी हातची जाते. हातभर पाणी वाढलं तं धरण फुटते काय?" मी म्हटलं, मातीच्या धरणावरून पाणी गेलं की ते धरण कापत नेतं, आणि खाली तांडा आहे. "तांडा मांगून आला," दादा म्हणाला. मी त्याला पोती काढायला सांगितलं, मग विनवलं. शेवटी म्हणालो, मी इंजिनिअर बाईंना फोन करणार. दादा जेवत होता. त्यानं ताट सरकवलं. "कर. मंग या घराची पायरी चढू नोको." मी अंगणात येऊन फोन केला, त्याला ऐकू जाईल असा.

बाई दुसऱ्या दिवशी माणसं घेऊन आल्या आणि सांडवा मोकळा झाला. त्याच आठवड्यात पावसानं झोडपायला सुरुवात केली. सकाळपासून सांडव्यावरून पाणी असं कोसळत होतं की त्याचा आवाज तांड्यावर ऐकू येई. भोंगा नव्हता, म्हणून हरसिंग स्वतः घरोघर ओरडत फिरला आणि त्यानं सगळ्यांना टेकडीवरच्या शाळेत नेलं. नाल्याचं पाणी खालच्या घरांच्या ओट्याला लागून थांबलं. पोती असती तर काय झालं असतं... हे कोणीच सांगू शकत नाही. दादा आजही लोकांना सांगतो, काही झालं नसतं.

पाऊस ओसरल्यावर हरसिंग दुकानात आला. उभाच राहिला. "बाईले तूच सांगतलं?" मी हो म्हटलं. "कोन साक्ष?" मी म्हटलं, दादा. पण तो आता माझ्याशी बोलत नाही. हरसिंगनं हे मनाशी तोलून पाहिलं असावं. मग तो बाकावर बसला. "चाय सांग," म्हणाला. यापलीकडं त्या विषयावर तो कधी बोलला नाही, आणि त्याचा माझ्यावर पूर्ण भरोसा बसला असंही मी म्हणणार नाही. पुढच्या पावसाळ्यांत मोठा पाऊस झाला की तो मला सांडव्यावर घेऊन जायचा. का नेतो, असं विचारलं तर म्हणे, "तू संगं असला म्हंजे तुह्यावर लक्ष राह्यते."

गेल्या वर्षी त्याचं काळीज थकलं. चढ चढता येईना, तेव्हा तो ओसरीवर खाट टाकून बसू लागला आणि मला एकट्याला पाठवू लागला. मी परत येऊन सांगायचो, सांडवा मोकळा आहे. तो माझ्या तोंडाकडं पाहायचा नाही, चपलांकडं पाहायचा. सांडव्याजवळची माती तांबडी, रस्त्याची काळी. तांबडी दिसली की तो डोळे मिटायचा.

त्याच्या मातीला दादा आला होता, लांब उभा राहिला, कोणाशी न बोलता गेला. तो का आला असेल, हे मी अजून स्वतःला विचारतो. हरसिंग असता तर त्यानं सरळ दादालाच विचारलं असतं.

मागच्या आठवड्यात चांगला पाऊस झाला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी मी गेलो. सांडवा मोकळा होता. गवतात एक उंचवटा दिसला तिथं काठी खुपसून पाहिली. दगड होता. परत येताना तांड्यावर थांबलो. ओसरीवर त्याची खाट तशीच होती, धरणाकडं तोंड करून. हरसिंगची बायको, झमकूवहिनी, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. पाय धुवावेत म्हणून मी पायरीपाशी थांबलो, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या भाऊ, तसेच या वर." मी चपलांसकट ओसरीवर चढलो, खाटेसमोर उभा राहिलो. वहिनींनी खाली पाहिलं. फरशीवर तांबडे ठसे उमटले होते.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.