बांगडीत मावणारा खेकडा

समुद्रापासून एवढ्या लांब बसून समुद्राची एवढी काळजी करणारा माणूस कोल्हापुरात दुसरा झाला नाही, आणि त्या काळजीचा फटका माझ्याएवढा दुसऱ्या कुणाला बसला नाही. आमच्या गल्लीतले हे चाचा जन्माने कोल्हापूरचेच. पण मिसरूड फुटायच्या आधी मामाच्या दुकानात म्हणून आफ्रिकेला गेले, तिथल्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या एका गावात तीस वर्षं राहिले आणि सत्तर सालाच्या आसपास चाचींना घेऊन परत आले. पेट्या आल्या, वळकट्या आल्या, चाचा मात्र पुरते आलेच नाहीत. मनगटावर घड्याळ होतं, पण ते वेळ सांगायचे ती पाण्याची. दुपारी चहाला हाक मारली की डोळे मिटून म्हणायचे, "थांब की जरा. आत्ता तिकडं भरती चढाय लागली असंल." मग कपातला चहा निवत जायचा, समोरून म्हशी जायच्या आणि चाचांच्या बोलण्यातून पाणी हळूहळू वर यायचं. आधी तिवराच्या मुळांना, मग होड्यांच्या बुडाला, मग खेळणाऱ्या पोरांच्या गुडघ्यांना. म्हशींचे पायसुद्धा मला भिजल्यासारखे वाटायचे.

मी डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन उचगावपर्यंत पायी विकत हिंडलेला माणूस. त्यातून मंडईत गाळा झाला, गगनबावड्याच्या घाटाखालच्या एका खाडीवरून खेकडे आणायला टेम्पो झाला. यातलं काहीही मला कुणी दिलेलं नाही. अशा माणसाच्या गाळ्यावर चाचा रोज सकाळी यायचे, खिशातून चाचींची जुनी पितळी बांगडी काढायचे आणि एकेका खेकड्याच्या पाठीवर ठेवून बघायचे. कवच बांगडीत मावलं की भर गिऱ्हाइकांत आवाज लावायचे, "हे पोरगं हाय! ह्याच्या आईला इचारलंस काय?" गिऱ्हाईक हसायचं आणि निम्म्या भावाला मागायचं. मी ओरडायचो, "चाचा, उद्यापास्नं गाळ्यावर पाय ठेवायचा न्हाय!" दुसऱ्या दिवशी ते पायरीखाली उभे राहून, हात लांब करून बांगडी ठेवायचे.

एकदा संतापून मी म्हणालो, "मला कशाला सांगताय? खाडीवाल्यांना जाऊन सांगा की!" ती माझी चूक. पुढच्या खेपेला चाचा टेम्पोत माझ्या आधी बसलेले. घाटात एवढं धुकं, की रस्ता दिसेना. चाचा काचेला नाक लावून म्हणाले, "पाण्याखाली आसंच दिसतंय बघ," आणि उतारभर पाण्याखाली असल्यासारखे गप्प राहिले.

खाडीवर त्यांनी हिंडून सगळं बघितलं. सरपणासाठी तोडलेली तिवरं, उघडा पडलेला चिखल, त्यातले बोटभर खेकडे. गावाला ते दिसत नव्हतं असं नाही. माल दरवर्षी कमी आणि लहान होत होता, आणि भाव पाडायला मी तेच कारण पुढे करत होतो. चाचांनी सगळ्यांना देवळापुढच्या पारावर बसवलं आणि तिकडच्या गावाची रीत सांगितली. खाडीचा एक फाटा दरवर्षी चार महिने बंद. तोंडाशी खांब रोवून दोर बांधायचा. मग आत कोयता न्यायचा नाही की जाळं न्यायचं नाही. पहारेकरी नाही, पोलीस नाही.

"आणि कोणी चोरी केल्यान तर?" गावच्या म्हाताऱ्या तांडेलानं विचारलं.

"न्हाय करत. दोर सगळ्यात हावऱ्या माणसानं बांधायचा आस्तोय. त्यानं बांधला की बाकीच्यास्नी चोराय लाज वाटती." आणि सगळ्यांच्या देखत चाचांनी दोर माझ्या हातात दिला.

मी भांडलो. तीन महिने करा म्हणालो, दोन करा म्हणालो, फाटा निम्मा करा म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा समोरचा माणूस भावच बोलेना. शेवटी तांडेल म्हणाला, "शेटनू, बांधा. तुमी घेवचा बंद केलात तर आमी पकडून काय करतलंव?"

बांधला. परतीच्या घाटात मी चाचांशी अक्षर बोललो नाही. चार महिने माझ्या पाट्या निम्म्या रिकाम्या राहिल्या, आणि 'हावरा शेट' हे नाव घाट चढून माझ्या आधी मंडईत पोचलं. ते मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

पहिल्या वर्षी फरक दिसला नाही, दुसऱ्या वर्षी थोडा. तिसऱ्या वर्षी खाडीवर गेलो तेव्हा तांडेलानं आमच्यापुढे एक खेकडा आणून ठेवला. चाचांनी त्याच्या पाठीवर बांगडी टेकवली. तिच्या चारी बाजूंनी कवच बाहेर दिसत होतं. एरवी मंडई डोक्यावर घेणारे चाचा बांगडी हळूच खिशात घालून निघाले. तोडलेल्या बुंध्यांमध्ये गुडघाभर वाढलेल्या नव्या तिवरांजवळ जाऊन चिखलातच बसले.

गेल्या वर्षी चाचा गेले. दोर बांधायला एकटा निघालो तेव्हा चाचींनी ती बांगडी माझ्या हातावर ठेवली. मी विचारलं, "चाची, तिकडं खरंच हावऱ्या माणसालाच बांधाय लावायचे?"

"तर! तिकडं ह्येनास्नीच बांधाय लागायचा की," चाची हसून म्हणाल्या. "पयल्या साली आठ दीस गावात कुणाशी बोलले न्हाईत."

एवढी वर्षं शेजारी बसून त्यांनी हे मला कळू दिलं नाही. हाही राग आता काढायचा कुणावर?

खाडीवर दोर बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि तांडेलाशेजारी बसलो. पाणी उतरत चाललं होतं. मी म्हणालो, "आत्ता तिकडं भरती चढाय लागली असंल."

"खंय?" त्यानं विचारलं.

मी नुसता पाण्याकडे हात केला.