एका पानात न मावलेलं वाक्य

आमच्या अभ्याससंस्थेत त्यांना सगळे 'सारांशवाले' म्हणायचे. सरकारने खर्च आवरावा, कर उतरवावेत, जमेल ते खासगी हाती द्यावं, हे आम्ही वर्षभर आकडेवारीनिशी मांडायचो. मांडायचो दोनशे पानांत. मंत्री वाचायचे एक पान. ते पान सारांशवाल्यांचं. बावीस वर्षं त्यांची वाक्यं मंत्र्यांच्या भाषणात जशीच्या तशी यायची, मग सरकारी आदेशात, आणि हे गृहस्थ टीव्हीसमोर बसून मंत्री स्वल्पविरामाला थांबतात की नाही ते बघायचे. आम्हाला कुणी निवडून दिलं नव्हतं. पण ऐट अशी, की सरकार आम्हीच चालवतो.

सरकारी पाळणाघरांवरचा अहवाल माझा. वीसपेक्षा कमी मुलं असलेली केंद्रं बंद करावीत, अशी शिफारस होती. पुढे मी एक वाक्य घातलं होतं: जवळपास दुसरं पाळणाघर नसेल तिथे हा नियम लावू नये. सारांश टाइप झाला आणि नेमकं तेच वाक्य दुसऱ्या पानावर गेलं.

"डॉक्टरीणबाई, मंत्री पान उलटत नाहीत," चष्मा कपाळावर सरकवत ते म्हणाले. माझ्या पीएच.डी.मुळे ते मला अशीच हाक मारायचे. "अक्षर बारीक केलं तर वाचतच नाहीत. काढू?"

मला संचालकांची बैठक गाठायची होती. "काढा. मूळ अहवालात आहेच की," मी म्हणाले. मूळ अहवाल कुणी उघडत नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

दोन महिन्यांत आदेश निघाला. बंद होणाऱ्या केंद्रांची यादी ते सवयीने चाळत होते. अकराव्या पानावर त्यांचं बोट थांबलं. त्या केंद्रात त्यांची थोरली बहीण सतरा मुलं सांभाळायची. मुलांच्या आया कापड गिरणीत कामाला. दुसरं पाळणाघर बसने तासाभरावर. आईवडील गेल्यावर याच बहिणीने त्यांना वाढवलं होतं.

त्यांनी संचालकांना गाठलं. "ते वाक्य पुढच्या आवृत्तीत घालू," संचालक म्हणाले. मंत्र्यांच्या कार्यालयातून उत्तर आलं, "सही तुमच्याच पानावर झालीय."

"ताईला सांगायला हवं," ते मला म्हणाले. "माझ्याने एकट्याने होणार नाही. तुम्ही चला."

ताई भिंतीवरच्या खुंट्यांखालच्या नावांच्या चिठ्ठ्या खरवडून काढत होती. आम्हाला बघताच तिचं तोंड सुटलं. "मेल्यांना काय कळतं खुर्चीत बसून! पोरांच्या आयांपैकी दोघींनी गिरणी सोडली. एक तर पोराला घरात कोंडून जाते."

"ताई, ते मी लिहिलंय," सारांशवाले म्हणाले. "एक वाक्य होतं. ते राहिलं असतं तर तुझं केंद्र वाचलं असतं. मी काढलं."

ताईचा हात थांबला. तिने चांगलं झापावं, अशी मी मनोमन प्रार्थना करत होते.

"तू लिहिलंस?" तिचा आवाज एकदम खाली आला. "मग विचार करूनच लिहिलं असशील. तुझ्याइतकं मला कुठे कळतं? माझीच मुलं कमी पडली रे. आणखी तीन जमवायला हवी होती मी."

सारांशवाले खाली पडलेल्या चिठ्ठ्या गोळा करू लागले. खरं काय ते सांगायला मी होते. 'काढा' मी म्हणाले होते, नियमही माझाच होता. ताईने मुलांचं सामान हलवून एकुलती एक खुर्ची मोकळी केली आणि माझ्यापुढे सरकवली. "बसा ना बाई, इतक्या लांबून आलात."

मी बसले.