पाण्याच्या नळीतली रेघ

मित्रांनो, आज सकाळी अकरा वाजता आमच्या प्रयोगशाळेत घडलेलं सांगतो. एकेक शब्द तपासून लिहितोय.

मी दहावी नापास. इथं नळ्या धुतो, वहीत नोंदी ठेवतो; नोंदी बरोबर असल्याची माझी सही असल्याशिवाय अहवाल बाहेर जात नाही. पैठण, गंगापूरहून आलेल्या, दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेल्या आजारी नवजात बाळांच्या रक्तातले जंतू इथं तपासतात. जंतूत त्याला जास्त घातक करणारं जनुक असलं, की तपासणीच्या पट्टीवर त्या नळीच्या जागी रेघ उमटते. एका नळीत मुद्दाम नुसतं पाणी ठेवतात. तिथं रेघ यायलाच नको. आज आली. म्हणजे कुठंतरी भेसळ झाली आणि बाकीच्या रेघांचाही भरवसा नाही.

प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, "पाण्याचं सोड. अहवाल आजच डॉक्टरांकडं जायचाय. सही कर."

"नाय सर. पुन्हा करावं लागंल."

"लई शिकलास व्हय रे? नळ्या धू."

नळ्या धुतल्या. सही केली नाही. वहीत शाईनं लिहिलं, 'पाण्यातही रेघ दिसली.' अहवाल अडला. सर उद्या माझी तक्रार करणार आहेत. करू द्या. पान फाडलं तरी कळेल, पानांवर आकडे मीच घातलेत.

तुमचं बाळ त्या काचेच्या पेटीत असतं, तर मी सही केलेली तुम्हाला चालली असती का?