मागच्या चाकांवरचे पाटे

माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या गाडीच्या मागच्या चाकांकडे बघणारा अख्ख्या रत्नागिरीत एकच गृहस्थ होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्नाच्या बैठकीला आम्ही भाड्याच्या जीपने त्यांच्याकडे गेलो, तेव्हा बाकीचे माझा पगार विचारत होते आणि मामा अंगणात जीपखाली आडवे होते. आत आले, हात झटकले आणि म्हणाले, "मुलगा बरा दिसतोय. पण जीपचा डावा पाटा गेलाय. परत जाताना सगळे उजवीकडे सरकून बसा."

पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, मामांनी डबल केबिनची पिकअप घेतली. हंगामात चार आंब्याच्या पेट्या आणि एरवी एकट्या मामी, एवढाच तिच्यावर भार. मागच्या चाकांवर एकावर एक रचलेले ते धक्के झेलणारे पोलादी, कमानदार पाटे हा मामांच्या आयुष्याचा विषय. घरात आलेल्या प्रत्येक लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर ते त्यांची चित्रं काढत आणि समजावत, "हे ओझ्यासाठी घडवलेत. रिकामी पिकअप म्हणजे मोकाट रेडा, उधळणारच. पाठीवर वजन द्या, मग बघा कशी शहाण्यासारखी चालते." कुरकुर ऐकू आली तर रबरी बुश झिजलं, टकटक आली तर पिन. हे ऐकू यावं म्हणून त्यांनी गाडीतला रेडिओ काढून शेजाऱ्याला देऊन टाकला होता. एकदा गाडी डावीकडे कलायला लागली. आठवडाभर अभ्यास करून मामांनी निष्कर्ष काढला, की मामी नेहमी डावीकडे बसतात म्हणून. मामी दोन दिवस बोलल्या नाहीत, बाजारात एसटीने गेल्या. तिसऱ्या दिवशी गाडीखालून आरोळी आली, "सापडला!" खाऱ्या हवेने गंजून दुसरा पाटा आतल्या आत तुटला होता. मामांनी तो तुकडा आणून मामींच्या पुढ्यात ठेवला. "हे बघ. तू नव्हेस." यापलीकडे माफी मागणं त्यांना ठाऊक नव्हतं. मामींनी तो तुकडा पुरावा म्हणून देव्हाऱ्याशेजारी ठेवून दिला.

आणि मग माझे वडील, अण्णा, बागेच्या दगडी गडग्यावरून पडले. रत्नागिरीत मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर धक्का बसता कामा नये. अण्णांनीही बजावलं, "मला माझ्या पडवीत न्या, इथे मी बरा होणार नाही." ते जेवेनात. आमचं घर देवरूखच्या वर डोंगरात, शेवटचा दीड मैल नुसता जांभ्याचा ओबडधोबड रस्ता. रुग्णवाहिकेवाला रस्ता बघून आला आणि हात जोडून गेला. मामा अण्णांच्या खाटेपाशी बसून सगळं ऐकत होते. उठताना एवढंच म्हणाले, "मला तीन दिवस द्या."

त्या तीन दिवसांत त्यांनी सगळी बुशं बदलली, पिनांना ग्रीस भरलं आणि हौद्यात, बरोबर चाकांच्या वर, जांभ्याचे बारा चिरे रचून दोरांनी आवळले. रस्ता निवडला भगवती बंदराकडचा, खड्ड्यांसाठी. मागच्या सीटवर मामींना आडवं केलं आणि त्यांच्या पोटावर सोलकढीची वाटी ठेवली. पहिल्या फेरीत साडी गुलाबी झाली. मामांनी दोन चिरे वाढवले. चौथ्या फेरीत मामी म्हणाल्या, "सांडली नाही. आता मला उठवा, आणि या साड्या तुम्ही धुवा."

अण्णांना घेऊन आम्ही सकाळी निघालो. हातखंबा, संगमेश्वर, देवरूख. इतका वेळ लागला की वाटेत दोनदा सायकलवाले पुढे गेले. प्रत्येक खड्ड्याआधी मामा सांगत, "अण्णा, आला हां." शेवटच्या चढावर मागून एक बारीक टक झाली. मला ऐकूही आली नाही. मामांनी गाडी थांबवली, चाकांना दगड लावले आणि सत्तरीतला तो माणूस पांढऱ्या सदऱ्यानिशी लाल धुळीत आडवा झाला. पाटे आसाला धरून ठेवणाऱ्या बोल्टची एक चाकी सैल झाली होती. अण्णांनी आतून विचारलं, "काय झालं हो?" गाडीखालून उत्तर आलं, "काही नाही, जरा पडलोय." त्या दिवशी अण्णा पडल्यापासून पहिल्यांदा हसले. पडवीत नेऊन निजवलं तेव्हा म्हणाले, "कुठे काही लागलं नाही हो." मामा पाणी प्यायला मागच्या दारी गेले आणि बराच वेळ आले नाहीत. गणपतीपर्यंत अण्णा काठी घेऊन चालू लागले.

गेल्या दिवाळीत गुडघ्यांनी मामांना हरवलं. लेक त्या दोघांना वडोदऱ्याला घेऊन गेली, पिकअप माझ्याकडे आली. दर रविवारी फोन येतो. "जावईबापू, इथले रस्ते भलतेच गुळगुळीत. लेकीच्या गाडीत काही ऐकूच येत नाही. मला वाटलं कान गेले, म्हणून डॉक्टरकडे जाऊन आलो. म्हणाला, कान ठणठणीत आहेत." मग मुद्द्यावर येत, "आपली कशी आहे?"

परवा मी म्हटलं, "तुम्हीच ऐका." फोन मागच्या चाकाजवळ हौद्यात नीट बांधला आणि गाडी आमच्या त्या चढावरून खाली वळणापर्यंत नेऊन परत आणली. उतरून फोन कानाला लावला. दोनदा हाक मारली. शेवटी मामींचा आवाज आला, अगदी हळू.

"डोळे मिटून बसलेत. तुम्ही आणखी एक फेरी मारा."