आत्यांनी काढलेला उंबरा

लोह्याच्या स्टँडवर लातूरची एसटी लागली, तेव्हा माझ्या एका खांद्यावर पिशवी होती आणि दुसऱ्या खांद्यावर सहा वर्षांची एस्तेर. माझ्या लेकीला चालता येत नाही, तेव्हा ती मानही धरत नव्हती. नवरा आधीच लातूरच्या डाळ मिलमध्ये लागला होता, पण खरं कारण तिची थेरपी. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, खिडकीतून करडईच्या तेलाची बाटली दिली. रोज सकाळी त्या याच तेलानं नातीचे पाय चोळायच्या आणि चोळता चोळता प्रार्थना करायच्या. गाडी हलली तसं म्हणाल्या, "येशूवरला भरोसा कमी पडला व्हय, म्हणून चाललीस?"

मी अहमदपूर येईपर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते.

लातूरला आमच्या गल्लीत डॉक्टर व्हायला आलेली पोरंच पोरं. घरमालकीणबाईंनी कौतुकानं विचारलं, "हिला कोणता क्लास लावला?" मी म्हटलं, "उभं राहायचा." त्या बिचाऱ्या ओशाळल्या, आणि तेव्हापासून त्यांच्या घरच्या भाजीची पहिली वाटी आमच्याकडं यायला लागली.

दोन वर्षांत एस्तेरनं मान धरली, चमचा हातात राहू लागला. मग थेरपीवाल्या ताई म्हणाल्या, "आता व्हीलचेअर घ्या." परतताना ऑटोत मी हमसून रडले. आत्यांचा हट्ट गावी राहिलाय असं मला वाटत होतं, तो माझ्यातही होताच. देवाकडं पाय मागितले होते आणि मिळत होती चाकं.

पण पहिल्याच रविवारी खुर्चीत बसून ती चर्चला आली. आजवर तिनं माझ्या खांद्यावरून मागची भिंत बघितली होती. त्या दिवशी तिनं माणसांची तोंडं बघितली. पाळकांच्या उपदेशात नको तिथं खदाखदा हसली. पाळकही हसले. मला मात्र स्वतःचाच राग आला. इतके दिवस हिला भिंत का दाखवली मी?

त्या नाताळात गावी गेलो, तर आत्या दारातच आडव्या आल्या. "ही खुर्ची घरात न्हाई आणायची. खुर्ची घेतली म्हंजे देवाला सांगितल्यासारखं झालं, की ऱ्हाऊ दे आता." खुर्ची अंगणात शेळ्यांजवळ राहिली. घराचा उंबरा वीतभर उंच, सासऱ्यांनी हयातीत स्वतः बसवलेला, सागवानी. एस्तेरला उचलून मी तो ओलांडला, आणि ती दोन्ही हात खुर्चीकडं करून रडत राहिली.

पुढच्या नाताळाला गेलेच नाही. मिलला सुट्टी नाही म्हणून फोनवर खोटं बोलले. सणाच्या तोंडावर, तेही सासूशी.

गेल्या नाताळाला आत्यांचाच फोन आला. "खुर्चीसकट ये."

गेलो. दारात उंबराच नव्हता. गवंडी बोलावून त्यांनी तो काढून घेतला होता आणि तिथं अंगणापर्यंत सिमेंटचा उतार केला होता. आमच्या गावात घर पाडतील, पण उंबऱ्याला हात लावणार नाहीत. त्यात ख्रिस्ती अन् हिंदू असा भेद नाही. आत्यांनी मला बाजूला सारलं आणि नातीला स्वतः ढकलत आत नेलं. मी बघतच राहिले, तशा मागं न वळता म्हणाल्या, "पायांसाठी मागणं म्या सोडलं न्हाई. मरेस्तोवर मागीन. पन तवर पोरीनं दारात कामून थांबावं?"

मग खुर्चीसमोर बसून त्यांनी तेलाची वाटी जवळ ओढली आणि पाय चोळायला घेतले.

तुम्ही गावाकडचे फोनवर विचारता, आता घर कोणतं म्हणायचं, लातूरचं की गावचं? आणि आमच्यासारखे गाव सोडलेलेही तेच विचारतात. मी पूर्वी विषय बदलायचे. आता सांगते, जिथं एस्तेर तिच्या चाकांवर आत जाते, ते आमचं घर. सध्या अशी दोन आहेत.