दहा मिनिटांचा काढा

बाटलीच्या अंगाला लोहचुंबक टेकवून मी उभा आहे आणि आतला तांबूस गाळ ढिम्म हलत नाही. उन्हात धरला की रंग मात्र झकास दिसतो. पहिल्या खेपेला याच बाटलीत लोहाचे बारीक काळे कण चुंबकाकडे असे धावले होते, की मी अख्ख्या विभागाला पेढे वाटले. हे कण बनवायला विषारी रसायन लागत नाही, फक्त लोहाचा क्षार आणि जांभळाच्या पानांचा काढा. पर्यावरणाला काडीचा त्रास नाही. सगळा त्रास मला. तेच कण पुन्हा करून दाखवल्याशिवाय माझ्या मार्गदर्शक मॅडम प्रबंधावर सही करणार नाहीत, आणि ही सातवी खेप. झाड तेच, पातेलं तेच, कृतीही माझ्याच वहीतली: पानं दहा मिनिटं उकळावीत.

"दहा कुठली?" लॅबची फरशी पुसता पुसता आमचे शिपाईमामा म्हणाले. "पहिल्या खेपेला तुम्ही फोनवर भांडत बसला होता. पाणी आटलं म्हणून मीच दोनदा घातलं."

खरं आहे. वही मी आदल्या दिवशीच सुवाच्य अक्षरात लिहून ठेवतो; प्रयोगाने नंतर तिच्यासारखं वागायचं असतं. निसर्गाला प्रयोगशाळेत आणल्याचं आम्ही मिरवतो, पण पान काही वही वाचत नाही. ते जितकं उकळेल, तितकंच पाण्यात उतरतं.

चुंबक खाली ठेवून मी विचारलं, "मामा, एकूण किती वेळ उकळलं असेल?"

"ते मला काय माहीत, सर? लिहायचं काम तुमचं."